परदेशात पोहण्याच्या लॅप्स मारायला निवांत टँक मिळत नसेल तर

लक्षणं

यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी पुढे वाचा.

- मॅप्सवर 'पूल' बघून गेलात. आत घसरगुंड्या, कृत्रिम लाटा आणि कोमट पाण्यात डुंबणारी कुटुंबं. सलग पंचवीस मीटर सरळ पाणी कुठेच नाही.
- टँक खराखुरा आहे, पण सहापैकी पाच लेन क्लबच्या पोरांकडे. उरलेल्या एका लेनमध्ये सगळं गाव.
- फोनवर 'उघडं आहे' दिसतंय, दाराला कुलूप.
- तिकीट काढलं, कपडे बदलले, आणि पाण्याच्या कडेला लाईफगार्डनं चड्डीकडे बोट दाखवून परत पाठवलं.
- पाण्यात उतरलात, गर्दीही फारशी नाही, तरी दर दहा हातांमागे कुणाच्या तरी टाचेवर बोटं आपटताहेत.
- हॉटेलच्या फोटोत भलाथोरला टँक होता. प्रत्यक्षात चार हात मारले की भिंत.

कामानिमित्त मला बाहेर राहावं लागतं, जास्त करून बर्लिन, पॅरिस आणि लंडनला, अधूनमधून सिंगापूर किंवा टोकियोला. प्रत्येक नव्या गावात हे दुखणं नव्यानं उपटतं आणि दर वेळी तोच उपाय लागू पडतो. लक्षणं सहा दिसली तरी बिघाड बहुधा एकच असतो: आपण जागा शोधत बसतो, तास शोधत नाही.

यामागे आपली सवय आहे. दादरच्या महात्मा गांधी तलावावर काय किंवा पुण्याच्या टिळक टँकवर काय, आपण बॅचमध्ये वाढलो. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, महिलांची बॅच. आपली वेळ झाली की कार्ड दाखवून आत जायचं आणि शिट्टी झाली की बाहेर यायचं. उरलेले तेवीस तास टँकवर काय चालतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. युरोपातल्या सार्वजनिक टँकवर अशी बॅच नसते. तिथे एकच पाणी तासागणिक आणि लेनगणिक वाटलेलं असतं: शाळा, क्लब, आजीआजोबांचा पाण्यातला व्यायाम, तान्ह्या बाळांचा वर्ग, आणि या सगळ्यांतून उरेल ते तुमचं आमचं. दुपारी चार वाजता जत्रा भरलेला टँक रात्री साडेआठला ओस पडलेला असतो. म्हणून आधी टँक बदलू नका.

तपासण्या सोप्यापासून अवघडापर्यंत आणि फुकटपासून महागापर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. बहुतेकांचं काम तिसरीपर्यंतच होतं.

१. टँक कोणत्या जातीचा आहे? (घरबसल्या, फुकट, पाच मिनिटं)

'स्विमिंग पूल' असं शोधलंत तर सगळ्या जातींचं पाणी एकत्र दिसेल. स्थानिक शब्दानं शोधा. जर्मनीत 'हालेनबाड' किंवा 'श्विमहाले' म्हणजे छताखालचा टँक, 'फ्रायबाड' म्हणजे उघड्यावरचा, फक्त उन्हाळ्यात चालणारा. 'श्पासबाड' दिसलं की घसरगुंड्या आल्याच, 'थेर्मे' म्हणजे गरम पाणी आणि सॉना. दोन्ही लॅप्ससाठी बाद. फ्रान्समध्ये साधं 'पिसीन' शोधा. इंग्लंडमध्ये 'लेझर सेंटर' शोधून त्यात 'लेन स्विमिंग' दिसतंय का बघा. 'लिडो' म्हणजे उघड्यावरचा टँक. शब्द त्या लिपीत टाइप करता येत नसेल तर अनुवादाच्या ॲपमधून उचला.

मग लोकांनी टाकलेले फोटो बघा. टँकवाल्यांचे फोटो रुंद लेन्सनं काढलेले असतात, त्यांच्यावर जाऊ नका. तळाशी काळ्या पट्ट्या आणि दोन्ही टोकांना त्यांची आडवी रेघ दिसली, वर लेनच्या दोऱ्या दिसल्या, तर तो पोहण्याचा टँक. उघड्यावरचा असेल तर उपग्रहाच्या चित्रावर मोजपट्टी टाकून लांबी काढा, हॉटेलच्या टँकसाठीसुद्धा ही युक्ती चालते. पंधरा मीटरच्या आतलं काहीही असेल तर विसरा.

सुंदर टँकांपासून जरा जपून. बर्लिनमधला नॉयकोल्नचा टँक 1914 सालचा आहे, प्राचीन स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेला, खांब-कमानी सगळं काही. एकदा जरूर बघावा. पण तिथे जाणाऱ्यांतले बरेच जण तो बघायलाच आलेले असतात, आणि मान वर करून छत न्याहाळणाऱ्या माणसामागे फ्रीस्टाईल मारणं हा काही व्यायाम नव्हे. पॅरिसमध्ये सेन नदीवर तरंगणारा जोसेफीन बेकर टँकही असाच: छताची काच उघडते, फोटो छान येतात, पंचवीस मीटरच्या मोजक्याच लेन आणि उन्हाळ्यात तोबा गर्दी. त्यापेक्षा त्याच शहरातला जॉर्ज व्हालरे टँक घ्या. 1924 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला, पन्नास मीटरचा. अमेरिकन जलतरणपटू जॉनी वाइसमुलरनं आपली ऑलिंपिकमधली पहिली सुवर्णपदकं तिथेच मिळवली. पर्यटकांच्या यादीत तो सहसा नसतो, कारण तो शहराच्या पूर्वेच्या कडेला आहे. बर्लिनमध्ये पन्नास मीटर हवे असतील तर मिटे भागातला 1930 चा टँक किंवा लांड्सबर्गर आले स्टेशनजवळचा मोठा क्रीडा-टँक. लंडनला 2012 च्या ऑलिंपिकचा टँक तिकीट काढून कुणालाही वापरता येतो.

२. आजचं वेळापत्रक (फुकट, पंधरा-वीस मिनिटं)

या तपासणीत सगळ्यात जास्त बिघाड सापडतात, म्हणून इथे वेळ घालवा.

मॅप्सवर दिसते ती इमारतीची वेळ. त्यात जिम, कॅफे, सॉना सगळं आलं. पाणी कुणासाठी कधी खुलं आहे ते फक्त टँकच्या स्वतःच्या पानावर असतं, आणि तेही वारानुसार. बर्लिनचे जवळपास सगळे सार्वजनिक टँक एकच नगरसंस्था चालवते, त्यामुळे एका संकेतस्थळावर सगळ्यांचं वेळापत्रक सापडतं. त्यात 'शूले' म्हणजे शाळा आणि 'फेराइन' म्हणजे क्लब हे दोन शब्द ओळखायला शिका. ज्या तासासमोर सार्वजनिक पोहण्याबरोबर यातला एखादा शब्द असेल, त्या तासाला टँक उघडा असतो पण अर्धाच तुमचा असतो. 'फ्राउएनश्विमेन' दिसलं तर ती महिलांची वेळ. पुरुषांनी तिकीटखिडकीपर्यंत जाऊन हसं करून घेऊ नये, आणि बायकांनी मात्र ती वेळ आवर्जून गाठावी, बहुधा निवांत असते. 'वार्मबाडेटाग' दिसला तर त्या दिवशी पाणी मुद्दाम गरम ठेवतात. सांधेदुखीवाल्यांना बरं, पण दीड-दोन किलोमीटर मारणाऱ्याला घुसमटल्यासारखं होतं. शर्यतीच्या टँकचं पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत असतं, त्याला कारण आहे.

पॅरिसचं गणित वेगळं. तिथल्या नगरपालिकेच्या टँकांना दोन वेळापत्रकं असतात: एक शाळा चालू असतानाचं, दुसरं सुट्टीतलं. शाळा चालू असताना आठवड्यातले बरेचसे दिवस लोकांसाठी फक्त पहाटेचा दीड तास आणि दुपारच्या जेवणाच्या सुमाराचे दोनेक तास उरतात. बुधवारी दुपारी फ्रान्समधल्या लहान मुलांना शाळा नसते, म्हणून त्या दिवशी टँक जास्त वेळ उघडा असतो आणि त्याच कारणानं पोरांनी भरलेला असतो. तेव्हा 'बुधवारी सहा तास उघडं' असं वाचून हुरळून जाऊ नका. बरेच टँक सोमवारी बंद. शाळांच्या हिवाळ्यातल्या आणि वसंतातल्या सुट्ट्या फ्रान्समध्ये विभागवार वेगवेगळ्या तारखांना लागतात, त्यामुळे 'आता सुट्टी आहे' हे पॅरिससाठी खरं आहे की लियोंसाठी, तेही बघून घ्या.

आता कुलपाचं लक्षण. त्याची तीन नेहमीची कारणं आहेत. पहिलं, साप्ताहिक सुट्टी: सिंगापूरचे सरकारी टँकसुद्धा आठवड्यातून एकदा साफसफाईला बंद असतात आणि प्रत्येकाचा वार वेगळा असतो. दुसरं, पाणी बदलणं. फ्रान्समध्ये त्याला 'व्हिदांज' म्हणतात. टँक रिकामा करून घासून पुन्हा भरायचा, यात कैक दिवस जातात. तिसरं कारण भारतीय माणसाला सुचतच नाही: जर्मनीत बरेच छताखालचे टँक ऐन उन्हाळ्यात बंद ठेवतात. लोक फ्रायबाडला जाणार, कर्मचारीही तिकडेच लागणार, मग आतली दुरुस्ती तेव्हाच उरकून घ्यायची. जुलैत गेलात तर आधी हे तपासा. शिवाय शर्यती असतात. जो टँक जितका मोठा आणि चांगला, तितके त्याचे शनिवार-रविवार स्पर्धांत जाण्याची शक्यता जास्त.

सूचना बहुधा पानाच्या वरच्या बाजूला लाल पट्टीत असते. पान इंग्रजीत उलटवून वाचत असाल तर ती पट्टी कधीकधी चित्र म्हणून टाकलेली असते आणि भाषांतरातून निसटते. तिचा फोटो घेऊन वेगळा अनुवाद करा.

३. तास बदलून बघा (फुकट)

वेळापत्रकात तुमचे म्हणून जे तास सापडले, त्यांतले कोणते निवांत? बहुतेक शहरांत दिवस साधारण असा जातो.

टँक उघडल्यापासून आठपर्यंत ऑफिसला जाणारे वेगवान पोहणारे. गर्दी असते, पण शिस्तीची, प्रत्येकाला घड्याळ गाठायचं असतं. तुम्हाला सलग पोहता येत असेल तर ही गर्दी त्रास देत नाही. आठ ते दहा ज्येष्ठ नागरिक: जोडीजोडीनं, डोकं वर, गप्पा मारत ब्रेस्टस्ट्रोक. त्यांच्याशी वाद घालू नका, टँक त्यांचा आहे. दहा ते बारा शाळा. बारा ते दीड जेवणाच्या सुट्टीतले. दीड ते तीन हा बऱ्याच टँकांवरचा सगळ्यात शांत तुकडा. चार ते सात मुलांचे वर्ग आणि क्लबचा सराव. त्या वेळी जाऊच नका, कितीही चांगला टँक असो. आणि मग बंद होण्याआधीचा शेवटचा सव्वा-दीड तास. क्लब गेले, पोरं घरी गेली, आणि बाकीच्यांना वाटतं आता कशाला जायचं. मला कुठल्याही गावात पहिल्या दिवशी जायचं असेल तर मी डोळे मिटून हाच तास धरतो. फक्त एवढं बघा की शेवटचं तिकीट किती वाजता देतात. पाण्यातून बाहेर काढण्याची वेळ आणि इमारत बंद होण्याची वेळ यांत वीस मिनिटं ते अर्ध्या तासाचा फरक असतो.

हवामानाचा फायदा घ्या. कडक ऊन पडलं की आख्खं बर्लिन फ्रायबाडवर किंवा तळ्याकाठी असतं आणि उघडा असलेला एखादा छताखालचा टँक रिकामा सापडतो. उलट लंडनमध्ये भुरभुर पाऊस लागला की उघड्यावरच्या टँकवर माणूस फिरकत नाही. हॅकनीमधला लंडन फील्ड्स लिडो पन्नास मीटरचा आहे आणि त्याचं पाणी बारा महिने गरम असतं. नोव्हेंबरच्या पावसात पाठीवर थेंब घेत तिथे पोहणं म्हणजे पैसे वसूल. सिंगापूरमध्ये मात्र पाऊस वेगळा वागतो: दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की विजेचा इशारा वाजतो, सगळ्यांना बाहेर काढतात आणि इशारा उठेपर्यंत पाण्याला हात लावू देत नाहीत. तिथे सकाळच बरी.

४. पिशवी तपासा (थोडा खर्च)

चौथं लक्षण, म्हणजे आत जाऊन परत पाठवणी, याचा उपाय पिशवीत आहे.

पॅरिसच्या टँकांवर टोपी सक्तीची आणि पुरुषांसाठी अंगाला घट्ट बसणारी चड्डीच हवी. गुडघ्यापर्यंतची सैल शॉर्ट्स चालत नाही. ते देतात ते कारण असं की सैल शॉर्ट्स घालून माणूस रस्त्यावरही फिरतो आणि तीच धूळ पाण्यात आणतो. पटो न पटो, लाईफगार्ड ऐकत नाही. काही ठिकाणी दारात यंत्रातून टोपी-चड्डी विकत मिळते, पण मापाची खात्री नाही. जपानमध्येही टोपी सक्तीची, गोंदण असेल तर झाकावं लागतं किंवा प्रवेशच नाकारतात, आणि बऱ्याच टँकांवर घड्याळ, अंगठी, कानातलं काढायला लावतात. मंगळसूत्राचं काय करायचं ते हॉटेलवरच ठरवून निघा. जर्मनी-इंग्लंडमध्ये टोपीचा आग्रह सहसा नसतो.

आपल्याकडच्या बऱ्याच बायका फ्रॉकचा किंवा बाह्या आणि पाय झाकणारा कॉश्च्युम वापरतात. इंग्लंडमध्ये त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. फ्रान्समधल्या बहुतेक नगरपालिकांच्या टँकांवर अंग पूर्ण झाकणारा पोशाख चालत नाही. घेर असलेल्याबद्दल त्या त्या टँकला आधी ईमेल करून विचारा. दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते बरं.

बाकी यादी छोटी: गॉगल, स्वतःचा टॉवेल (देत नाहीत), स्लिपर, लहान कुलूप, आणि लॉकरसाठी नाणी. जर्मनीत एक किंवा दोन युरोचं नाणं, टोकियोत शंभर येनचं; बहुधा परत मिळतं. न्यूयॉर्कच्या महापालिकेच्या उन्हाळी टँकवर तर स्वतःचं कुलूप नसेल तर आतच सोडत नाहीत. कार्डावर सगळं चालतं या भ्रमात राहिलेला माणूस ओल्या अंगानं लॉकरसमोर नाणं मागत उभा असतो.

आणि शॉवर. जर्मनीत पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायची असते, बहुतेक जण कपडे काढून करतात, आणि शॉवर सामायिक असतो. आइसलँडमध्ये तर हा सक्तीचा नियम आहे, शॉवरपाशी पाटी असते आणि कर्मचारी लक्षही ठेवतात. संकोच वाटतो हे खरं, पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. नियमामागे रसायनशास्त्र आहे. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन जे क्लोरामाइन बनतात त्यांचा असतो. लोक धुऊन उतरले तर वासही कमी आणि डोळेही कमी चुरचुरतात.

५. माणसाला विचारा

तिकीटखिडकीवर 'गर्दी असते का?' असं विचारलंत तर उत्तर 'कधी असते, कधी नसते' असंच येणार. नेमकं विचारा: 'मंगळवारी रात्री आठ वाजता लोकांसाठी किती लेन मोकळ्या असतात?' स्थानिक भाषेत चिठ्ठीवर लिहून न्या. खिडकीवरच्यापेक्षा पाण्याच्या कडेच्या लाईफगार्डला जास्त माहिती असते, कारण तो दिवसभर तेच बघत बसलेला असतो. आपलं पोहून झाल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोला. दुसऱ्या दिवशी तोच तुम्हाला चांगली लेन दाखवतो.

६. लेन आणि दिशा

पाचवं लक्षण, टाचांवर बोटं आपटण्याचं. गर्दी नसतानाही हे होत असेल तर चूक लेनच्या निवडीत आहे. उतरण्याआधी काठावर पाच मिनिटं उभं राहून बघा. कोण कुठल्या बाजूनं जातंय, कोण भिंतीला थांबतंय, कुणाचा वेग तुमच्याइतका आहे.

जर्मनीत सार्वजनिक वेळेत टँकचा मोठा भाग दोरीविना असतो. लोक समांतर, आपापल्या सरळ रेषेत जातात-येतात. फ्रीस्टाईलवाल्यांसाठी एखादी लेन दोरी लावून वेगळी काढलेली असते, त्यावर पाटी असते. तुम्ही तिथे जा. मोकळ्या भागात जागा दिसते म्हणून तिथे हात मारत सुटलात तर आजीबाईंच्या तोंडावर पाणी उडणार आणि मग त्या जे बोलतील ते अनुवादाच्या ॲपमध्ये घालू नका. इंग्लंडमध्ये प्रत्येक लेनच्या टोकाला वेग आणि दिशा लिहिलेली पाटी असते. शेजारच्या दोन लेन मुद्दाम उलट दिशांनी फिरतात, म्हणजे दोरीपलीकडच्या माणसाशी हात धडकत नाही. युरोपात आणि अमेरिकेत एरवी उजवी बाजू धरायची, ऑस्ट्रेलियात डावी. आपला हात सवयीनं डावीकडे जातो, पहिल्या चार लॅप्स लक्ष ठेवा.

वेग ठरवताना मनाचा मोठेपणा दाखवा. पुण्याच्या टँकवर तुम्ही वेगवान असाल. बुडापेस्टला मार्गारेट बेटावरच्या हायोश टँकवर, जिथे वॉटरपोलोवाले सराव करतात, तुम्ही मध्यम आहात. मधल्या लेनपासून सुरुवात करा. पुढे जायचं असेल तर पुढच्याच्या पायाला एकदा हलकेच बोट लावा आणि भिंतीपाशी वाट मिळेल. दम खायचा असेल तर लेनच्या कोपऱ्यात, मधोमध नाही.

टोकियोत दर तासाला शिट्टी होऊन सगळ्यांना पाच-दहा मिनिटं बाहेर बसवतात, असं बऱ्याच सरकारी टँकांवर चालतं. ती शिक्षा नव्हे, विश्रांती आणि तपासणी असते. शिट्टीनंतर पहिली दोन मिनिटं पाणी आरशासारखं असतं, आधी उतरा.

अमेरिकेत लॅपची वेळ अचानक सुधारली तर आनंद आवरा. तिथले बरेच टँक पंचवीस यार्डांचे असतात, म्हणजे 22.86 मीटर.

७. लांब जा किंवा पैसे मोजा

इथपर्यंत येऊनही जमलं नसेल तर मध्यवस्तीतला टँक सोडा. मेट्रोच्या शेवटच्या दोन-तीन स्थानकांजवळचे टँक बघा. अर्धा तास जास्त जातो, पण तिथे पर्यटक नसतात आणि जेवणाच्या सुट्टीतले ऑफिसवालेही नसतात. त्यानंतर विद्यापीठांचे टँक. काही ठिकाणी बाहेरच्यांना दिवसाचं तिकीट देतात, परीक्षांच्या दिवसांत तर रिकामे असतात. त्याहून महाग म्हणजे खासगी व्यवस्थापनाचे. पॅरिसमध्ये पाँतवाझचा तेहतीस मीटरचा जुना टँक रात्री उशिरापर्यंत चालण्यासाठी ओळखला जातो, लेनसाठी धडपडून दमलात तर तो पर्याय आहे. लंडनमध्ये ॲपवर लेनचा तास आधी राखून ठेवता येतो. रद्दही करता येतो, तेव्हा दोन राखून एक वापरण्यापेक्षा जो नको तो वेळेवर सोडा.

महिनाभर राहणार असाल तर प्रौढांच्या पोहण्याच्या क्लबला लिहा. बरेच क्लब पाहुण्याला एखादा सराव करू देतात. क्लबकडे लेन आहेत म्हणूनच तुम्हाला मिळत नव्हत्या, तेव्हा दोरीच्या त्या बाजूला जाणं हा सगळ्यात पक्का उपाय. मात्र तिथे आपल्या मर्जीनं नाही, प्रशिक्षक सांगेल ते पोहावं लागतं.

८. उघडं पाणी: इथे स्वतःहून जाऊ नका

टँक मिळत नाही म्हणून तळं किंवा नदी गाठण्याचा मोह होतो, विशेषतः बर्लिनमध्ये, जिथे सगळीकडे तळी आहेत. लाईफगार्ड असलेला राखीव किनारा आणि उन्हाळा असेल तर ठीक. एरवी थांबा. पंधरा अंशांखालच्या पाण्यात शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. तोंड पाण्याखाली असताना तो आत ओढला गेला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. लंडनचा टूटिंग बेक लिडो 1906 सालचा, एक्क्याण्णव मीटर लांबीचा आणि पाणी न तापवणारा. हिवाळ्यात तो क्लबच्या सभासदांपुरता असतो, ते उगीच नव्हे. थंड पाण्यात उतरायचंच असेल तर अशा क्लबच्या माणसांबरोबर, ते सांगतील तेवढाच वेळ.

हे आता तुमच्या हातात नाही: थांबा आणि जाणकाराकडे जा

टँकच्या तळाची काळी पट्टी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर पाण्यात उतरू नका, लाईफगार्डला सांगा आणि तिकिटाचे पैसे गेले समजा. गढूळ पाण्यात तळाशी गेलेला माणूस कुणालाच दिसत नाही.

आत शिरताच वासानं डोळ्यांत पाणी येत असेल आणि दम्याचा त्रास असेल, तर त्या टँकवर पुन्हा जाऊ नका. पोहून आल्यावर छातीत शिट्टी वाजत असेल तर डॉक्टर.

कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल किंवा कानातून पाणी येत असेल, तर थेंब आपल्या मनानं घालू नका. पडद्याला भोक असेल तर काही थेंबांनी नुकसान होतं. डॉक्टर कान तपासेपर्यंत टँक बंद. प्रवास विम्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. परदेशात कानाच्या डॉक्टरची वेळ मिळवायला त्यांची मदत होते.

जुलाब होत असतील तर टँकवर जायचं नाही, शांत असो वा नसो. आणि तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम निघाला तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे नाही, कारण हा जंतू क्लोरीनच्या पाण्यातसुद्धा कित्येक दिवस जिवंत राहतो.

खांदा हात डोक्यावर नेताना पुढून टोचत असेल आणि चार दिवसांच्या विश्रांतीनंतरही टोचत असेल, तर फिजिओथेरपिस्ट. टँक बदलून खांदा बरा होत नाही.

आणि लेन रिकामी असूनही प्रत्येक पंचवीस मीटरला थांबावं लागत असेल, तर दोष गर्दीचा नव्हता. घरी परतल्यावर तुमच्या टँकवरच्या कोचला महिनाभराची फी भरा आणि श्वास घेण्यापासून सुरुवात करायला सांगा.